हजार गणितांचा फोल्डर कुणी उघडत का नाही?

"मी उच्च माध्यमिकच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. वेगवेगळ्या ठिकाणी शिकवणाऱ्या आम्ही पाच जणांनी मिळून मुलांसाठी गणितांचा एक सामाईक ऑनलाइन संग्रह करायचं ठरवलं. ड्राइव्हवर फोल्डर केला, ज्याला जमेल त्याने जमेल तसं त्यात टाकायचं. बघता बघता हजारावर गणितं जमली. पण मुलं तो फोल्डर उघडत नाहीत आणि खरं सांगायचं तर आम्हीही उघडत नाही. काही उत्तरं चुकीची निघाली, तेव्हापासून तर विश्वासच उडालाय. आमच्यातले ज्येष्ठ सर एका नावाजलेल्या संदर्भग्रंथातली गणितं जशीच्या तशी टाइप करून टाकतात, त्यांना कसं सांगावं कळत नाही. एक मैत्रीण म्हणते, सोडवलेली उत्तरं द्यायचीच नाहीत, मुलं नुसती उतरवून काढतात. हे सगळं बंद करून टाकावं का?"
– एक भौतिकशास्त्र शिक्षिका

सप्रेम नमस्कार.

बंद मुळीच करू नका. पण नवीन गणित घेणं मात्र आजपासून थांबवा. तुमच्या पत्रात चार-पाच तक्रारी आहेत आणि त्या सगळ्यांचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं. गणित फोल्डरमध्ये टाकलं की काम संपलं, असं तुम्ही पाचही जणांनी धरून चाललात. ते कुणी पुन्हा सोडवून बघायचं, कुणी दुरुस्त करायचं, वर्गात दिल्यावर काय झालं ते कुणी लिहायचं, हे ठरलंच नाही. मुलांना हजार गणितं हवी असतील तर ती कुठल्याही पुस्तकाच्या पाठीमागे सापडतात. पाच शिक्षकांनी ज्यावर डोकं लावलंय, वर्गात करून पाहिलंय आणि मुलं नेमकी कुठे अडकली ते ज्याच्याखाली लिहून ठेवलंय, असं गणित मात्र त्यांना सहजी मिळत नाही. ते तुम्ही देऊ शकता, आणि त्यासाठी हजार लागत नाहीत.

एकच प्रकरण घ्या, समजा घर्षण. त्यातली पन्नास गणितं निवडा. बाकीचं सगळं 'न तपासलेलं' अशा नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि मुलांपासून लपवा. पन्नास फार कमी वाटतील. पण एका गणितावर किती काम करावं लागतं ते पाहा म्हणजे आकडा कमी वाटणार नाही.

असं एक गणित तुमच्या फोल्डरमध्ये नक्की असेल: '२ किलोग्रॅमचा ठोकळा सपाट पृष्ठभागावर आहे. घर्षण गुणांक ०.४ आहे. ठोकळ्यावर ५ न्यूटनचं आडवं बल लावलं. घर्षण बल किती?' खाली उत्तर बहुधा ७.८४ न्यूटन असं असेल. ०.४ गुणिले २ गुणिले ९.८. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, एककही बरोबर. पण ढकलणारं बल ५ आणि मागे खेचणारं घर्षण ७.८४ असेल, तर जागचा ठोकळा ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून यायला हवा! खरं उत्तर ५ न्यूटन. ७.८४ ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. लावलेलं बल तिच्या आत आहे तोवर घर्षण त्या बलाएवढंच असतं आणि ठोकळा जागचा हलत नाही.

आता इथे थांबून 'उत्तर चुकलं होतं, बदललं' म्हणू नका. गणिताचं वाक्य पुन्हा वाचा. ठोकळा आधीपासून स्थिर आहे, असं त्यात कुठे म्हटलंय? ०.४ हा स्थितिक (वस्तू जागची असतानाच्या) घर्षणाचा गुणांक की गतिक (वस्तू घसरत असतानाच्या) घर्षणाचा? ठोकळा आधीच घसरत असेल आणि ०.४ हा गतिक घर्षणाचा गुणांक असेल, तर ७.८४ हेच बरोबर. म्हणजे ज्यांनी ते उत्तर लिहिलं त्यांच्याशी तुम्ही अर्धा तास भांडाल आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असाल. दोष गणिताच्या वाक्यात आहे. 'ठोकळा सुरुवातीला स्थिर आहे' आणि 'स्थितिक घर्षण गुणांक' एवढी भर घातली की वाद मिटतो. संग्रहातल्या ज्या उत्तरांना तुम्ही चुकीची म्हणताय, त्यांतली बरीचशी अशीच अर्धवट वाक्यांतून आलेली निघतील असा माझा अंदाज आहे.

म्हणून पहिला नियम असा करा: लिहिणारा वेगळा, सोडवणारा वेगळा. गणित एकाने लिहायचं, दुसऱ्याने उत्तर न बघता सोडवायचं. दोन्ही उत्तरं जुळली तरच ते मुलांसमोर जाईल. जुळली नाहीत तर आधी वाक्य तपासायचं, मग उत्तर. सोडवणाऱ्याचं नाव आणि तारीख गणिताखाली राहू द्या. त्यामागे कुणाला पकडायचा हेतू नको. सहा महिन्यांनी शंका आली तर विचारायचं कुणाला हे कळावं, एवढ्यासाठीच ते. या एका नियमामुळे वेग खूप कमी होतो. होऊ द्या.

दुसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि गणितांच्या संग्रहांत ती क्वचितच दिसते. बरोबर उत्तराशेजारी मुलांची चुकीची उत्तरंही नोंदवा. हाच ठोकळा वर्गात दिलात तर ७.८४ येईल, २.८४ येईल आणि शून्यही येईल. ७.८४ लिहिणाऱ्याने सूत्रात आकडे भरले. २.८४ लिहिणाऱ्याने दोन बलं दिसली म्हणून वजाबाकी केली. शून्य लिहिणाऱ्याची समजूत अशी, की वस्तू हलत नसेल तर घर्षण नसतंच. तिघांनाही एकच लाल फुली मिळते, पण तिघांचं औषध वेगळं आहे. पहिल्याला विचारा, 'मग ठोकळा कुठल्या दिशेला निघेल?' दुसऱ्याला विचारा, 'हे २.८४ न्यूटन ठोकळ्यावर कोण लावतंय?' तिसऱ्याला विचारा, 'मग त्या ५ न्यूटनला अडवतंय कोण?' ही उत्तरं आणि हे प्रश्न गणिताखाली लिहून ठेवलेत, तर पहिल्याच वर्षी शिकवायला उभ्या राहिलेल्या शिक्षकाच्या हाती तुमचा अनेक वर्षांचा अनुभव पडतो.

ही कल्पना माझी नव्हे. बल आणि गती यांबद्दलची समज तपासणारी 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही चाचणी १९९२ साली डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. तिच्यामागे हलून आणि हेस्टेनिस यांचं १९८५ सालचं काम होतं. त्यांनी आधी मुलांकडून मोकळी, लेखी उत्तरं घेतली आणि त्यांत वारंवार आलेल्या चुकांतून बहुपर्यायी प्रश्नांचे चुकीचे पर्याय बनवले. पर्याय मुलांच्याच डोक्यातून आले, म्हणून ते मुलांना खरे वाटतात. तुमच्या संग्रहातले एमसीक्यू असेच तयार होऊ द्या. शिक्षकाने खुर्चीत बसून कल्पनेने लिहिलेला चुकीचा पर्याय बहुतेक वेळा कुणी निवडतच नाही.

तुमच्यातला कुणी संगणकाची आवड असलेला आज ना उद्या सुचवेल, की प्रत्येक मुलाला वेगळे आकडे देऊ, म्हणजे उतरवायचा प्रश्नच मिटला. सूचना चांगली आहे. रॉचेस्टर विद्यापीठात १९९०च्या दशकात तयार झालेली वेबवर्क ही प्रणाली गणित विषयासाठी तेच करते. पण भौतिकशास्त्रात आकडा बदलला की कधी कधी गणितच बदलतं. आपल्या ठोकळ्यावरचं बल संगणकाने ३ ते १२ न्यूटनमधून निवडायचं ठरवलं, तर ७.८४च्या पुढचा आकडा आला की ठोकळा घसरू लागेल. मग उत्तराला गतिक घर्षण गुणांक लागेल आणि तो तर दिलेलाच नाही. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेंटिमीटर असताना वस्तूचं अंतरही नेमकं १० आलं, तर प्रतिमा अनंत अंतरावर जाते आणि संगणक शून्याने भागायला निघतो. त्यामुळे आकड्यांची मर्यादा ठरवणाऱ्याने दोन्ही टोकं आणि मधली, जिथे भौतिकशास्त्र कूस बदलतं ती जागा, स्वतः हाताने सोडवून पाहावी. सुरुवातीला या भानगडीत पडूच नका, असं माझं मत आहे.

पाच जण पाच ठिकाणी शिकवता, म्हणजे चिन्हांचे आणि स्थिरांकांचे घोळ असणारच. त्यासाठी एक पानभर संकेत आधी लिहून काढा. गुरुत्व त्वरण ९.८ घ्यायचं की १०? दोन्हींत दोन टक्क्यांचा फरक पडतो, आणि उत्तर तपासणारा संगणक एक टक्क्याच्या आतलंच बरोबर धरत असेल तर नीट सोडवणाऱ्या मुलाला 'चूक' असा शेरा मिळतो. भिंगांसाठी कार्टेशियन चिन्हसंकेत (अंतरं भिंगापासून मोजून प्रकाशाच्या दिशेची धन, उलट दिशेची ऋण) वापरायचा का? उष्मागतिकीच्या पहिल्या नियमात कार्य म्हणजे वायूने केलेलं की वायूवर केलेलं? भौतिकशास्त्राच्या बऱ्याच पुस्तकांत पहिलं असतं, रसायनशास्त्रात सहसा दुसरं, आणि मूल दोन्ही तास एकाच दिवशी बसतं. तुम्ही कुठला संकेत घेता याला फारसं महत्त्व नाही. पाचही जण तोच घेता ना, आणि तो मुलांना दिसेल असा लिहिलाय ना, एवढं बघा.

आता गणितं शोधायची कशी? तुमच्या फोल्डरची नावं मी न बघताही सांगू शकेन: उतारावरची गणितं, कप्पीची, स्प्रिंगची, लिफ्टची. १९८१ साली मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेसर यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. भौतिकशास्त्राची गणितं नवख्यांना आणि जाणकारांना दिली आणि सांगितलं, सारखी वाटतील ती एकत्र ठेवा. नवख्यांनी उतारांची एका गठ्ठ्यात ठेवली, स्प्रिंगची दुसऱ्या. जाणकारांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी एकत्र ठेवली, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची वेगळी, मग चित्रात उतार असो की स्प्रिंग. आपण मुलांना नवख्याकडून जाणकाराकडे न्यायचं म्हणतो आणि कपाट मात्र नवख्याच्या पद्धतीने लावतो. प्रत्येक गणिताला तत्त्वाची खूण द्या. शेजारी लागणाऱ्या गणिती साधनाची द्या: सदिश, वर्गसमीकरण, कलन. आणि त्यातल्या सापळ्याची द्या, जसं 'घर्षण नेहमी कमाल धरणं'. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात या तिसऱ्या खुणेनुसार दहा गणितं काढून दिलीत, तर वर्गातली चर्चा कशी बदलते ते तुम्हीच अनुभवाल.

सोपं, मध्यम, कठीण हे लेबल मात्र स्वतःच्या मनाने लावू नका. आपल्याला जे सोपं वाटतं तिथेच मुलं अडकतात. '३० पैकी ११ जणांना आलं' अशी साधी नोंद करा आणि वर्षागणिक तिच्यात भर घाला.

तुमच्या मैत्रिणीचा मुद्दा. मुलं उत्तरं उतरवतात हे तिचं निरीक्षण खरं आहे, पण उपाय मला पटत नाही. सोडवून दाखवलेली उदाहरणं वाचून नवखा विद्यार्थी पुष्कळ शिकतो, सुरुवातीच्या टप्प्यावर तर स्वतः चाचपडत बसण्यापेक्षा जास्त शिकतो, हे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांच्या १९८०च्या दशकातल्या प्रयोगांपासून वारंवार दिसून आलंय. पुढे तयारी वाढली की त्याच उदाहरणांचा उपयोग कमी होत जातो. म्हणून सगळी दाखवा किंवा सगळी लपवा, असा निर्णय घ्यायची गरजच नाही. प्रकरणातली पहिली काही गणितं पूर्ण सोडवून दाखवा, आणि सोडवताना नुसत्या पायऱ्या न लिहिता 'इथे ऊर्जा का घेतली, बल का नाही' हेही लिहा. पुढच्या काहींमध्ये शेवटच्या पायऱ्या मुलांवर सोडा. त्यापुढच्यांना टप्प्याटप्प्याने उघडणाऱ्या सूचना द्या: आधी 'ठोकळ्यावरची सगळी बलं काढ', मग 'घर्षणाची कमाल मर्यादा काढ', मग 'लावलेलं बल तिच्याशी ताडून बघ'. शेवटच्या काहींना फक्त अंतिम उत्तर. आणि परीक्षेसाठी हवी असलेली गणितं या उघड्या संग्रहात ठेवूच नका, ती पाच जणांपुरती वेगळी असू द्यात. फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरीही याच कारणासाठी शिक्षकांनाच देतात, उत्तरं उघड्यावर ठेवत नाहीत. मैत्रिणीला ही वाटणी बहुधा मान्य होईल. तिला उतरवण्याची चीड आहे, उदाहरणांची नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. पानांचे फोटो आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ नकोत. त्यांत शोधता येत नाही, दुरुस्ती करता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथे अडून बसतं. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हं होऊन उमटतं, हे तुम्ही भोगलं असेलच. सूत्रं लॅटेकमध्ये, म्हणजे गणिती मजकूर टाइप करायच्या प्रणालीत, लिहा, शिकायला आठवडा लागला तरी चालेल. आकृतीची मूळ, बदलता येणारी फाइल जपा आणि आकृतीत काय आहे ते दोन ओळींत शब्दांतही लिहा. प्रत्येक गणिताला कायमचा क्रमांक द्या. गणित काढून टाकलं तरी तो क्रमांक दुसऱ्याला देऊ नका, कारण कुणीतरी तो आपल्या टाचणवहीत लिहून ठेवलेला असतो. आणि ज्यांच्याकडे नेट धड चालत नाही अशा मुलांसाठी प्रकरणवार छापता येईल अशी प्रत निघाली पाहिजे.

परवान्याचं आत्ताच ठरवा, पाचच जण आहात तोवर. आपलं काम इतरांना कोणत्या अटींवर वापरता येईल ते सांगणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या तयार परवान्यांपैकी 'श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे वाटा' हा मी निवडेन. बदल करून वाटायला मनाई करणारा परवाना तुमच्या कामाचा नाही, कारण कुणी चूक दुरुस्त केली तरी ती दुरुस्त प्रत त्याला वाटता येणार नाही. पुढे नवा माणूस आला की पहिलं गणित घेतानाच त्याची या परवान्याला लेखी संमती घ्या. पाच वर्षांनी तीस जणांना शोधत फिरणं फार कठीण जातं. आणि परवाना एकदा दिला की ज्यांनी त्या अटींवर प्रत घेतली त्यांच्याकडून तो काढून घेता येत नाही, हेही सगळ्यांना आधी सांगा.

आता ज्येष्ठ सर. पुस्तकातलं गणित शब्दशः आणि आकृतीसकट उतरवून ऑनलाइन ठेवणं योग्य नाही, खाली पुस्तकाचं नाव दिलं तरीही नाही. १८८६च्या बर्न करारात सामील असलेल्या देशांत लेखकाचा हक्क लिहिताक्षणी निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. पण हा हक्क मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही. ठोकळा, उतार, घर्षण, न्यूटनचे नियम कुणाच्याही मालकीचे नाहीत. सरांना ज्या गणितातली कल्पना आवडली, ती घेऊन त्यांनी स्वतःची परिस्थिती रचावी, स्वतःचे शब्द वापरावेत, स्वतःची आकृती काढावी. नुसते २ किलोचे ३ किलो करून आणि ठोकळ्याची पेटी करून भागत नाही. पुस्तक मिटून ठेवायचं आणि 'या तत्त्वावर मला मुलांना काय विचारायचंय' इथून सुरुवात करायची. असं लिहिलेलं गणित बहुतेक वेळा तुमच्या मुलांना जास्त लागू पडतं. आणि एकेक गणित नवं रचलं तरी एका पुस्तकाची अख्खी निवड आणि क्रम उचलू नये.

सरांशी हे सगळ्यांसमोर बोलू नका. त्यांनी शेकडो गणितं टाइप केली, म्हणजे त्या संग्रहासाठी तुमच्यात सर्वाधिक वेळ बहुधा त्यांनीच दिलाय. 'तुम्ही नियम मोडलात' अशी सुरुवात केलीत तर ते उद्यापासून यायचे थांबतील आणि त्यात तुमचं मोठं नुकसान आहे. त्यांना भेटा. उतरवलेली गणितं का काढावी लागतील ते सरळ सांगा, आडवळणाने नको, कारण त्यांना ते कळेलच. पण ती काढण्याआधी त्यांच्याकडून एक गोष्ट मिळवा. इतकी वर्षं तीच गणितं शिकवताना मुलांनी कुठे काय चुका केल्या, हे त्यांच्याइतकं तुमच्यात कुणालाच माहीत नसणार. ते ज्ञान कुठल्याही संदर्भग्रंथात नाही आणि ते पूर्णपणे त्यांचं स्वतःचं आहे. ते सांगतील, तुम्ही टाइप करा. सोबत त्या ठोकळ्याचं जुनं, अर्धवट वाक्य घेऊन जा. त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, 'सर, यात काय राहिलंय?'